प्रश्न तुमचे: परवाना ऑनलाइन झाला, दुकानदार एजंटाकडेच

प्रश्न : आमच्याकडे व्यवसाय परवान्याचं नूतनीकरण ऑनलाइन झालं. चौकाचौकांत फलक लावले, व्यापाऱ्यांचा मेळावाही घेतला. तरी दुकानदार एजंटाला पैसे देऊनच काम करून घेतात आणि संघटना म्हणते, ‘जुनीच पद्धत बरी होती.’ आमचं नेमकं कुठे चुकतंय?
– महापालिका कर्मचारी, नवी मुंबई

उत्तर : फलकावर काय लिहिलं होतं ते आधी पाहा. ‘सुलभ, गतिमान, पारदर्शक’ असं असेल तर त्यात दुकानदाराच्या कामाचं काहीच नाही. त्याला चारच गोष्टी कळायला हव्या असतात : फी किती, कागद कोणते, किती दिवस लागतील आणि अडलं तर कोणाला गाठायचं. एका पानाच्या पत्रकात एवढंच द्या आणि आता कोणते कागद लागणार नाहीत हे ठळक छापा. सुधारणा लोकांना तिथेच दिसते. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांची ‘उद्यम’ नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू आहे, ती पूर्ण मोफत आहे, तरी तिच्यासाठी पैसे उकळणारी खासगी संकेतस्थळं चालतातच. म्हणून पहिल्याच ओळीत फी लिहावी (शून्य असेल तर शून्य) आणि तिच्याखाली अधिकृत पत्ता.

मुदत आणि दाद यांसाठी नवं काही शोधावं लागत नाही. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ प्रमाणे अधिसूचित सेवेला कालमर्यादा, पदनिर्देशित अधिकारी (सेवा देण्याची जबाबदारी असलेला) आणि अपिलीय अधिकारी (दाद ऐकणारा) ठरलेले असतात, सबळ कारणाशिवाय सेवा दिली नाही तर ५०० ते ५,००० रुपये दंडाची तरतूदही आहे. सेवा, मुदत आणि अधिकारी यांचा तक्ता कार्यालयात लावणं बंधनकारकच आहे. बहुतेक ठिकाणी तो कपाटामागे असतो. तो खिडकीशेजारी आणा आणि तोच मजकूर पत्रकावर घ्या.

दुसरी चूक क्रमाची. बातमी आधी पेपरात येते आणि खिडकीवरच्या लिपिकाला परिपत्रक नंतर मिळतं. दुकानदार कात्रण घेऊन येतो, लिपिक जुनाच दाखला मागतो, आणि त्या दिवसापासून सुधारणेवरचा विश्वास संपतो. आधी खिडकीवरचे लोक, मग कर सल्लागार आणि सनदी लेखापाल, त्यानंतर संघटना, आणि बातमी सगळ्यात शेवटी. एजंटांनाही शत्रू ठरवू नका, अर्ज कुठे अडतो हे त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नसतं.

मेळाव्यापेक्षा स्वस्त उपाय : कोपरखैरण्यातल्या पाच दुकानदारांना अर्ज भरायला बसवा आणि शेजारी गप्प बसून पाहा. ओटीपी आधारला जोडलेल्या जुन्या नंबरवर जातो. मोबाइलने काढलेला कागदाचा फोटो काही एमबीचा निघतो आणि अर्ज तो घेत नाही, का घेत नाही हे सांगतही नाही. अशी अडचण पत्रकाने सुटत नाही, अर्जच दुरुस्त करावा लागतो. तोवर जाहिरातीवर खर्च करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

प्रश्न : सभासदांना कोणत्याही सुधारणेचं नाव काढलं की एलबीटी (स्थानिक संस्था कर) आठवतो. सरकारची बाजू त्यांना कशी समजावून सांगायची?
– व्यापारी संघटनेचे पदाधिकारी, ठाणे

उत्तर : बाजू समजावण्याआधी तोटा कोणाला होणार ते मोजा. २०१३ मध्ये ठाण्यात जकातीच्या (शहरात येणाऱ्या मालावर नाक्यावर घेतल्या जाणाऱ्या कराच्या) जागी स्थानिक संस्था कर आला. नाक्यावरची रांग गेली, पण तो फायदा वाहतूकदार आणि ग्राहक यांच्यात विखुरला. नोंदणी, विवरणपत्रं आणि वह्या तपासणीची भीती मात्र दुकानदाराच्या एकट्याच्या माथी आली. बंद पाळले गेले, आणि १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींपर्यंत उलाढाल असलेल्यांना या करातून वगळण्यात आलं. ‘जकात गेली’ ही घोषणा खरी होती. दुकानदाराचा प्रश्न ‘माझ्या दुकानात तपासणीला कोण येणार, आणि कोणत्या हुकमावर?’ हा होता.

वाशीच्या कृषी उत्पन्न बाजार समितीचंही असंच. २०१६ मध्ये फळं-भाजीपाला नियमनमुक्त झाला, म्हणजे बाजार समितीबाहेरही विकता येऊ लागला, आणि अडत (अडत्याचं कमिशन) शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायची ठरली. शेतकऱ्याला हे एका वाक्यात पटतं. माथाडी कामगार विचारतो, माल बाजाराबाहेर उतरला तर माथाडी मंडळात जमा होणारी माझी मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही (कामगारांच्या सोयीसवलतींसाठी मालकाने भरायची रक्कम) कोण भरणार? अडत्याचा प्रश्न तिसराच. तेव्हा तिघांसाठी एकच निवेदन काढू नका. प्रत्येकाला त्याचं काय जातं ते सरळ सांगा, आणि त्यावर उपाय ठरलेला नसेल तर ‘ठरलेला नाही’ असंही सांगा. गोलमोल बोललं की अफवेला जागा मिळते. औद्योगिक वसाहतीतल्या अडचणी मांडायला जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची जिल्हा उद्योग मित्र समिती आहे. तिथे तक्रार लेखी द्या, इतिवृत्तात नोंद झाली का ते पाहा आणि पुढच्या बैठकीत तिथूनच सुरू करा.

प्रश्न : व्हॉट्सॲप ग्रुपवर माहिती टाकली की पुरतं का?
– लघुउद्योजिका, वागळे इस्टेट

उत्तर : पुरतं, पण मजकुरात तारीख आणि शासन निर्णयाचा सांकेतांक हवा. नुसतं चित्र टाकू नका, ते शोधता येत नाही आणि वर्षभराने जुनंच फिरत राहतं. ‘लवकरच’ हा शब्द वापरू नका.

प्रश्न : पाठिंबा वाढला का, हे मोजायचं कसं?
– महापालिका कर्मचारी, ठाणे

उत्तर : मेळाव्याची गर्दी मोजून नव्हे. व्यवसाय करणं किती सोपं झालं हे पाहणाऱ्या केंद्राच्या व्यवसाय सुधारणा कृती आराखड्यातही आता राज्यांचं मूल्यमापन सेवा प्रत्यक्ष वापरणाऱ्यांच्या प्रतिसादावर होतं. तुम्हीही गेल्या महिन्यातल्या अर्जदारांतून काही नावं चिठ्ठीने काढून फोन करा. तीनच प्रश्न विचारा : अर्ज कोणी भरला, एकूण किती पैसे गेले, किती वेळा यावं लागलं. मात्र आधी यादीतले मोबाइल नंबर तपासा. एकच नंबर वीस-पंचवीस अर्जांवर दिसला तर तो एजंटाचा आहे. तुमचे एसएमएस त्यालाच जातात आणि सर्वेक्षणाला उत्तरंही तोच देईल.