बॉयलरचे पैसे कुणी द्यायचे?

प्रिय पोरी,

सलाम. तुझा मेसेज रात्री पावणेबाराला आला तेव्हा मी जागाच होतो. उत्तर दिलं नाही, कारण हे फोनवर अंगठ्यानं लिहिण्यासारखं नाही. चर्चला वर्षभरात किती देणार ते लिहायच्या तुझ्या प्लेज कार्डाचा फोटो पाहिला. आकडा ठीक आहे. पण त्याखाली बारीक अक्षरांत जे लिहिलंयस, 'फक्त फूड पँट्रीसाठी, बॉयलर आणि डायोसिससाठी नाही', म्हणजे पैसे गरजूंच्या धान्यवाटपालाच, चर्च गरम ठेवणाऱ्या बॉयलरला किंवा वरच्या धर्मप्रांताला नाहीत, त्या ओळीनं माझी झोप गेली. ती ओळ खोड, मग पुढचं वाच.

खोडली नसशील. बरं.

द्यावं की नाही, हे मी तुला सांगायची गरजच नाही. पेन्शन हातात आली की आधी दशांश बाजूला काढणारी आजी तू नगरला पाहिलीयस. इथल्या एपिस्कोपल चर्चच्या सर्वोच्च सभेनं, जनरल कन्व्हेन्शननं, 1982 मध्ये दशांश हे देण्याचं किमान प्रमाण म्हणून मान्य केलं. किमान, बरं का. मी त्या किमानापर्यंत पोचलो तेव्हा अठ्ठावन्न वर्षांचा होतो. तेव्हा त्या बाबतीत मी गप्प बसतो.

व्हेस्ट्रीच्या, म्हणजे चर्चचा कारभार बघणाऱ्या मंडळाच्या, तुझ्या पहिल्याच मीटिंगला ट्रेझररनं बॉयलरचं कोटेशन वाचून दाखवलं आणि तुझं डोकं फिरलं. शनिवारी दारात रांग लागते आणि आपण लोखंडात पैसे ओततो, हे तुझं म्हणणं. पण पँट्री चालते कुठे? तळघरातल्या हॉलमध्ये. आणि बॉयलर? त्याच हॉलच्या भिंतीपलीकडे. मॅसॅच्युसेट्सच्या जानेवारीत पाइप गोठून फुटला तर सगळ्यात आधी भिजतील ती तुझीच तांदळाची पोती.

हे झालं हिशेबाचं उत्तर, आणि हिशेबात तू मला हरवशील. डायोसिस आपल्याकडून असेसमेंट, म्हणजे ठरलेली वर्गणी, घेतं आणि स्वतःच्या उत्पन्नातले साधारण 15 टक्के वर सबंध चर्चला देतं. रेक्टरबाईंच्या, आपल्या धर्मगुरूंच्या, पगारावर आणखी 18 टक्के पेन्शन फंडात भरावे लागतात. यातला कुठला डॉलर भुकेल्याच्या ताटात पडतो, असं तू विचारशील, आणि मी नुसता खोकत बसेन. माझं म्हणणं वेगळंच आहे, आणि ते एवढंच आहे: दिलं म्हणजे सोडलं.

पुण्यात पंचहौदेत आमच्या लहानपणी हंगामाच्या सणाला, म्हणजे पिकातलं काही देवाला वाहायच्या दिवशी, उपासना संपली की आवारात त्या वस्तूंचा चर्चसाठी लिलाव व्हायचा. (ते 1885 चं पवित्र नाम देवालय तू पाहिलंयस. ज्या काउली फादरांनी, म्हणजे अँग्लिकन संन्याशांनी, ते मिशन चालवलं त्यांच्याच संस्थेचा मठ इथे केंब्रिजला चार्ल्स नदीच्या काठावर आहे. घर सोडून इतक्या लांब आलो, तरी गल्ली तीच निघाली.) तर लिलाव. कुणी कोंबडी आणलेली, कुणी मेथीच्या जुड्या. एका वर्षी एक लाल भोपळा होता, देठाजवळ कुणीतरी नखानं टोचून पाहिलेला. माझ्या वडिलांनी बाजारभावाच्या चौपट बोली लावून तो घेतला आणि तिथल्या तिथे परत टेबलावर ठेवला. तो पुन्हा विकला गेला. ज्यानं घेतला त्यानंही परत ठेवला. तिसऱ्यांदा एका बाईंनी घेतला आणि तो मात्र घरी नेला, कारण त्यांच्या घरात माणसं फार होती. आई वडिलांवर चिडली, 'पैसेही गेले आणि भोपळाही गेला.' वडील हसत होते. भोपळा कुणी घ्यावा, कुणी शिजवावा, यावर त्यांनी एक अक्षर काढलं नाही. दिलं म्हणजे सोडलं.

आता त्यांच्या मुलाचं ऐक. आई गेल्यावर मी आपल्या पॅरिशच्या, म्हणजे इथल्या चर्चच्या, स्वयंपाकघराला सहा बर्नरची शेगडी दिली, आईच्या नावाची पितळी पट्टी लावून. सात वर्षांनी हॉलचं नूतनीकरण निघालं आणि व्हेस्ट्रीनं ती काढून नवी बसवली. पट्टी एका पाकिटात घालून ऑफिसात ठेवली होती. मी दोन वर्षं प्लेज दिलं नाही. लोक म्हणाले, काका रुसले. मी रुसलो नव्हतो. माझा आक्षेप पद्धतीला होता. एक फोन करायला काय झालं होतं? आजही म्हणतो, एक फोन करायला हवा होता. आणि त्या नव्या शेगडीवर मोठं पातेलं धड बसतसुद्धा नाही, वाटल्यास जाऊन बघ.

असो. त्याच हिवाळ्यात बजेटला भोक पडलं आणि झाडलोट, दिवेबत्ती बघणाऱ्या माणसाचे तास आठवड्याला वीसवरून बारावर आले. तीन महिन्यांत तो सोडून गेला. बर्फ पडलेल्या रविवारी सकाळी सात वाजता पायऱ्यांवर मीठ टाकून माझ्यासाठी दार उघडं ठेवणारा माणूस तो. माझ्या एकट्याच्या पैशांनी तसं झालं नसेल, असं मी स्वतःला सांगतो. ट्रेझररनं मला आकडा दाखवला नाही आणि मीही मागितला नाही.

म्हणून तुझ्या त्या बारीक अक्षरांची मला भीती वाटते. ती माझीच पितळी पट्टी आहे. एकेकाळी या देशातल्या एपिस्कोपल चर्चमध्ये बाक भाड्यानं मिळायचे. पैसेवाल्याचा बाक पुढे आणि गरीब मागे, नाहीतर वर गॅलरीत. न्यूयॉर्कमध्ये विल्यम म्यूलेनबर्ग यांनी 1846 मध्ये होली कम्यूनियन चर्च उघडलं आणि तिथे बाकांना भाडंच ठेवलं नाही. (पुढे 1983 मध्ये त्याच इमारतीत नाइटक्लब निघाला. दिलेल्या वस्तूचं काय होईल ते सांगता येत नाही, बघ.) त्याच शहरातल्या होली अपॉसल्स चर्चमध्ये 1982 पासून गरजूंना जेवण मिळतं. 1990 मध्ये तिथे आग लागली. डागडुजी झाली तेव्हा त्यांनी बाक परत बसवलेच नाहीत, मुख्य देवळातच टेबलं मांडून माणसं जेवू लागली. त्या बाकांसाठीही कधीकाळी कुणीतरी पैसे दिले असतीलच ना? त्यांनी सोडले म्हणून टेबलाला जागा झाली.

आणि आपल्याकडचा लिलींचा फंड आठव. कुण्या भाविक बाईंनी मृत्युपत्रात ईस्टरच्या लिलींसाठीच ठेवलेले पैसे. छप्पर गळत होतं तेव्हा त्यातला एक सेंट आपल्याला उचलता आला नाही. वेदीवर फुलं आणि फुलांशेजारी बादली. त्या बाईसुद्धा तुझ्याइतक्याच चांगल्या होत्या.

'मग काय व्हेस्ट्रीत डोळे मिटून बसू?' असं तू आत्ता म्हणाली असशील. कोण म्हणतं? पँट्रीसाठी जास्त रक्कम माग, ठराव मांड, मतदान घे, हरलीस तर पुढच्या महिन्यात पुन्हा मांड. डायोसिसवर राग असेल तर डायोसिसच्या अधिवेशनाला प्रतिनिधी म्हणून जा आणि तिथे माइक धर. पण भांडायचं ते तोंडानं, पाकिटानं नाही. पाकिटानं भांडलीस की तुझ्यापेक्षा मोठं पाकीटवाला उद्या तसाच भांडेल, आणि मग व्हेस्ट्री राहणार नाही, बाकांचा भाव तेवढा राहील. आपण सगळे आपल्या बायबलात म्हणतात तसे कारभारी, मालक नव्हे. मला हे कळायला फार उशीर लागला आणि तुला मी तेवढा वेळ देणार नाही.

कठोर झालो असेन. त्या मीटिंगमध्ये तू एकटीच रांगेतल्या माणसांबद्दल बोललीस, हे मला रेक्टरबाईंनी सांगितलं. मला बरं वाटलं. मला त्या वयात ती रांग दिसतही नव्हती.

नवं कार्ड मागू नकोस, ओळ खोडून तेच दे. आणि मंगळवारी सकाळी सातला बॉयलरवाला येतोय. माझी त्या वेळी डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ आहे, तेव्हा दार तुलाच उघडावं लागेल. किल्ली ऑफिसातल्या कपाटात, निळ्या दोरीची. त्याला चहा करून दे. डावीकडचा पुढचा बर्नर काडी लावल्याशिवाय पेटत नाही.

तुझा,
काका