नेरुळच्या त्या फ्रेमबद्दल

नौपाडा, ठाणे

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

तू विकत घ्यायची म्हणतोस त्या नेरुळच्या जुन्या सायकलीच्या फ्रेमचे फोटो मिळाले. जहाजावर नोकरी केलेल्या त्या गृहस्थांनी ती फ्रेम इटलीतूनच आणली असेल, त्यांच्या शब्दावर मला शंका नाही. तू बरंच काही विचारलं आहेस, पण शेवटी जाता जाता लिहिलेल्या एका वाक्यामुळे मी लगेच लिहायला बसलो: 'घेतली की रबाळ्यात पावडर कोटिंग करून घेतो, नव्यासारखी होईल.' तेवढं पावडर कोटिंग, म्हणजे भट्टीत भाजून बसवलेला जाड रंग, मात्र करू नकोस. का, ते पुढे सांगतो. आधी ती फ्रेम नक्की काय आहे ते बघू.

तुझं सगळं लक्ष फ्रेमवरच्या कोलनागो या इटालियन बांधणाऱ्याच्या नावावर आहे, आणि ते स्वाभाविकही आहे. पण कोलनागोचे स्टिकर आज कोणालाही विकत मिळतात. 1970 साली मिकेले दांचेल्लीने कोलनागोच्या सायकलीवर मिलान–सान रेमो शर्यत जिंकली आणि त्यानंतर एर्नेस्तो कोलनागोने किलवरचं पान ही आपली खूण केली. ते पान रंगात असेल तर त्याला फारशी किंमत देऊ नकोस, लोखंडात कोरलेलं असेल तर नीट बघ. आणि खऱ्या सायकलींवरची नावंसुद्धा नेहमी खरी नसायची. बेल्जियमचा शर्यतपटू एडी मर्क्स याने 25 ऑक्टोबर 1972 रोजी मेक्सिको सिटीत एका तासात 49.431 किलोमीटर कापले, ती सायकल कोलनागोच्या हातची. तिच्यावर नाव होतं विंडसर, म्हणजे एका मेक्सिकन कंपनीचं. पुढे 1973 पासून मर्क्सच्या मोल्तेनी संघासाठी फ्रेम बांधल्या उगो दे रोझाने, रंग मात्र संघाचा आणि नाव मर्क्सचं. म्हणून नावाला दुय्यम मान. जोड कसा आहे ते बघायला शिक, कारण बांधणाऱ्याचा हात तिथेच कळतो.

या फ्रेम कशा बनायच्या ते थोडं सांगतो, म्हणजे काय बघायचं ते समजेल. नळीचं तोंड आधी अर्धगोल कापायचं, म्हणजे ते दुसऱ्या नळीच्या गोलाईवर फट न राहता बसतं. मग दोन्ही नळ्या लगमध्ये, म्हणजे जोडावरच्या त्या नक्षीदार बाहीत घालायच्या, फ्लक्स, म्हणजे जोडणारं पितळ नीट धरावं म्हणून लागणारा लेप, लावायचा आणि ज्योत धरायची. तापमान बरोबर आलं की पितळ आपण होऊन फटीत ओढलं जातं आणि लगच्या दुसऱ्या कडेला बारीक रेघेसारखं दिसतं. पितळ सुमारे 900 अंशांना वितळतं, चांदीची झाळ त्याच्या दोनेकशे अंश आधी. इथेच खरी परीक्षा असते, कारण नळी कागदासारखी पातळ आहे. इटलीच्या कोलंबस कंपनीच्या एसएल जातीच्या नळीची जाडी टोकांना 0.9 मिलिमीटर आणि मधे 0.6 मिलिमीटर. टोकं जाड ठेवायची, म्हणजे आच सोसते, आणि मधलं पोट पातळ ठेवायचं, म्हणजे वजन वाचतं. ही युक्ती बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्स या नळ्या बनवणाऱ्या कंपनीने 1897 साली पेटंट केली होती. आच जास्त झाली तर नळी कमकुवत होते, कमी पडली तर पितळ आतवर पोचतच नाही. बाहेरून दोन्ही जोड सारखेच दिसतात.

म्हणून माझं पहिलं सांगणं: फ्रेम बघायला जाशील तेव्हा बीबी, म्हणजे बॉटम ब्रॅकेटचं बेअरिंग, काढून बघायची परवानगी माग. पेडलचा अ‍ॅक्सल जिथे फिरतो त्या आडव्या बुटक्या शेलमध्ये टॉर्च मार. तीन बाजूंनी येणाऱ्या नळ्यांची तोंडं तुला तिथे आतून दिसतील. ती एकमेकांना चिकटून, गोलाईत गोलाई बसवून कापलेली आहेत का? पितळ सगळीकडून सारखं आलंय का, की एका बाजूला ओघळलंय आणि दुसरीकडे काळी फट आहे? गिऱ्हाईक इथे कधी डोकावणार नाही हे बांधणाऱ्याला माहीत होतं. तरीही ज्याने तिथे कानस नीट चालवली, त्याची फ्रेम बिनधास्त घे, नाव कुठलंही असो. मला अजूनही एखादा शेल उघडून त्यात सुंदर बसलेले सांधे दिसले की दिवसभर बरं वाटतं.

मग लगच्या कडा बघ. कारखान्यातून लग ओबडधोबड यायचे, चांगला कारागीर ते कानसून टोकाकडे पातळ करत न्यायचा. नखाने कडेवरून खाली उतर: नख अडखळलं तर काम घाईचं, सहज घसरलं तर कोणीतरी त्यावर वेळ घालवलाय. इंग्रज बांधणाऱ्यांनी यात कमाल केली, हेचिन्सचे लग तर वेलबुट्टीच. इटालियन लोक साधेपणाकडे झुकले. मला स्वतःला साधा लग, कडा पातळ केलेला, जास्त आवडतो, पण ही आवडीची गोष्ट झाली.

चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणारा फोर्क, काढता आला तर त्याच्या वरच्या नळीत खालून बोट घाल. एसएल आणि एसपी या जातींच्या कोलंबस नळीत तिथे आतून पीळ घातल्यासारखे पाच उंचवटे असतात. ते स्टिकरसारखे बाजारातून आणून चिकटवता येत नाहीत. सीटपोस्टही, म्हणजे सीट धरणारा दांडाही, व्हर्नियर कॅलिपरने मोज. सीटखालच्या नळीचा बाहेरचा व्यास 28.6 मिलिमीटर. भिंत पातळ असेल तर 27.2चा पोस्ट बसतो. 26च्या आसपासचा बसत असेल तर नळी जाड आहे, मग स्टिकरवर एसएल लिहिलेलं असो नाहीतर आणखी काही.

आट्यांचं नीट लक्षात ठेव, कारण फसगत बहुतेक इथेच होते. इटालियन शेलची रुंदी 70 मिलिमीटर, आटे 36 मिलिमीटर व्यासाचे आणि दोन्ही बाजूंना उजवेच. इंग्लिश शेल 68 मिलिमीटर, आटे थोडे लहान आणि चेनच्या बाजूचे डावे. आता गंमत अशी की इटालियन आटे मोठे असल्यामुळे, इंग्लिश शेलचे आटे गेले की तिथे टॅप मारून इटालियन आटे पाडतात. दुरुस्ती म्हणून ती रास्त आहे, आपल्या वागळे इस्टेटमध्येही लेथवाला करून देईल. पण त्या फ्रेमला 'इटालियन' म्हणून पैसे द्यायचे नाहीत.

अपघात झालाय का हे डोळ्यांपेक्षा बोटाला लवकर कळतं. वरचा दांडा आणि खालची तिरपी नळी, दोन्हींच्या पोटाखालून, हेडच्या, म्हणजे पुढच्या उभ्या बुटक्या नळीच्या, जोडापासून तीन-चार बोटं मागे, हळूच अंगठा फिरव. समोरून धडक बसलेली असेल तर तिथे बारीकसा फुगवटा लागतो आणि रंगाला आडवी चीर असते. अशी फ्रेम भिंतीवर लावायला ठीक, चालवायला नाही. सरळपणा तपासायला साधा दोरा पुरतो. मागच्या एका ड्रॉपआउटला, म्हणजे चाक बसतं त्या खाचेला, बांध, हेडला वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटला आण आणि दोन्ही बाजूंनी सीटखालच्या नळीपासून दोऱ्याचं अंतर मोज. एखाद्या मिलिमीटरचा फरक चालेल. मागच्या दोन ड्रॉपआउटमधलं अंतरही घे: पाच गिअरच्या काळात 120 मिलिमीटर, सहा-सात गिअरच्या काळात 126, त्यानंतर 130. सत्तरच्या दशकातली म्हणून दाखवलेल्या फ्रेमचं अंतर 130 भरलं, तर ती नंतरची असेल किंवा कोणीतरी ताणलेली.

आता पावडर कोटिंग. लोकांना वाटतं भट्टीतल्या उष्णतेने जोड सुटतील. तसं होत नाही, भट्टी 200 अंशांच्या आसपास असते आणि पितळाला त्याचं काही वाटत नाही. नुकसान आधी होतं. रंग उतरवायला वाळूचा नाहीतर छर्‍यांचा मारा करतात, आणि तो करणाऱ्याला रोज ग्रिल आणि रॅकची सवय असते. त्याच जोराने 0.6 मिलिमीटरच्या नळीवर मारा झाला की नळी झिजते. मग वर जाड थर बसतो आणि कानसून पातळ केलेल्या त्या कडा बुजून जातात. ज्यासाठी तू फ्रेम घेतलीस तेच दिसेनासं होतं. मूळ रंग, मग तो टवके उडालेला असो, ती फ्रेम कुठल्या वर्षाची आणि कोणाच्या हाताखालून गेलेली याचा पुरावा आहे. एकदा खरवडलास की जगातला कोणीही तो परत देऊ शकत नाही. कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ फडकं आणि मेण, एवढंच कर. क्रोमवर गंजाचे ठिपके असतील तर अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा बोळा पाण्यात भिजवून हलक्या हाताने घास, बरेचसे निघतात.

किमतीचं थोडक्यात. निम्मे पैसे नावाचे असतात. तुझ्या हातात पहिल्या सायकलीसाठी जेवढी रक्कम आहे त्यात मला विचारशील तर मी रेनॉल्ड्स 531 नळीची, कुणा फारशा न गाजलेल्या इंग्रज दुकानाची फ्रेम शोधायला सांगेन. हे पोलादाचं मिश्रण 1935 साली आलं आणि पुढची कित्येक दशकं शर्यतीच्या सायकली त्याच्यावर धावल्या. शिवाय त्या घराण्याशी आपलं नातं आहे. रेनॉल्ड्सची मालक असलेली टीआय, म्हणजे ट्यूब इन्व्हेस्टमेंट्स, हीच ब्रिटिश कंपनी पुढे रॅलेचीही मालक झाली, आणि तिच्याच भागीदारीत चेन्नईजवळ अंबत्तूरला आपली हर्क्युलिस बनू लागली. आजोबांच्या काळ्या रॅलेकडे तू वजनदार म्हणून बघत असशील, पण त्याच रॅलेच्या इंग्लंडमधल्या इल्केस्टनच्या छोट्या कार्यशाळेत रेनॉल्ड्सच्या 753 नळीच्या फ्रेम बनत, आणि टीआय-रॅले संघाकडून योप झोटेमेल्कने 1980 सालची तूर द फ्रान्स जिंकली. ती 753 नळी रेनॉल्ड्स कोणालाही विकत नसे. कारागिराने आधी चांदीच्या झाळीचा नमुना जोड पाठवायचा, तो तपासून पास झाला तरच नळ्या मिळायच्या.

फ्रेम घरी आणलीस की सगळ्यात आधी पावसाळ्याचा विचार कर. ठाण्याची आणि नवी मुंबईची हवा खाडीची. चार महिने भिंतींना ओल सुटते, आणि या नळ्या बाहेरून नाही, आतून सडतात. रंगाच्या दुकानात डबल बॉइल्ड लिनसीड ऑइल, म्हणजे जवसाचं तेल मिळतं. फ्रेम उघडी असताना सगळ्या नळ्यांत थोडं थोडं ओत, हळूहळू सगळ्या बाजूंनी फिरव, निथळू दे आणि आठवडाभर वाळू दे. आतून पातळ साय धरते. एक सांभाळ: तेलाची फडकी चुरगळून डब्यात टाकू नकोस, ती आपोआप पेटतात. पसरून वाळव, मग फेक. सीटपोस्ट आणि स्टेम, म्हणजे हँडल धरणारा भाग, ग्रीस लावल्याशिवाय कधी घालू नकोस, आणि पावसाळ्याआधी व नंतर एकदा काढून पुन्हा लाव. अ‍ॅल्युमिनियम आणि लोखंड ओलाव्यात एकत्र राहिले की असे धरतात की पोस्ट कापून काढावा लागतो. सायकल पावसात भिजली तर पोस्ट काढून फ्रेम रात्रभर उलटी टांग. पश्चिमेच्या खिडकीपाशी नको.

आणि चालव. भिंतीवर टांगून ठेवण्यासाठी या बनल्या नाहीत. पहाटे पाम बीच रोडवर वारा अंगावर घेत सलग अर्धा तास दाबत गेलास की चांगली लोखंडी फ्रेम काय असते ते मी सांगून कळणार नाही असं कळेल. येऊरच्या चढाला मात्र घाई करू नकोस. त्या काळी पुढे 52 आणि 42 दातांची चक्रं असायची, शर्यतीतल्या पोरांचे गुडघे होते ते. चालवण्यासाठी हँडल आणि स्टेम नवे घाल, जुने डब्यात जपून ठेव. जुनं अ‍ॅल्युमिनियम सांगून मोडत नाही. क्रँकचा दांडा जिथे पंजाला मिळतो तिथे भिंगाने बघ, त्या काळच्या कॅम्पग्नोलो या इटालियन कंपनीच्या क्रँकना तिथे बारीक तडे जातात. तडा दिसला तर तो क्रँक पुन्हा वापरायचा नाही, कितीही सुंदर असला तरी.

सुटे भाग जमवायची घाई नको. कॅम्पग्नोलोच्या डिरेलरच्या, म्हणजे गिअर बदलणाऱ्या भागाच्या, पाठीवर 'पेटंट' आणि पुढे वर्षाचे दोन आकडे कोरलेले असतात, ते फ्रेमच्या काळाशी जुळतात का एवढं बघत जा. आणि पहिली सायकल सगळी उघडून पुन्हा बांधून, एक पावसाळा काढून होईपर्यंत दुसरी घ्यायची नाही. मी दहा-दहा फ्रेम असलेली घरं पाहिली आहेत, त्यातल्या एकीच्याही बेअरिंगमध्ये ग्रीस नव्हतं.

नेरुळला जाताना व्हर्नियर, टॉर्च, दोरा आणि बीबी काढायचं हत्यार घेऊन जा. हत्यार माझ्याकडे आहे, संध्याकाळी येऊन घेऊन जा. त्यांच्याशी नम्रपणे बोल, सायकल त्यांनी इतकी वर्षं सांभाळली आहे. शेल 70 मिलिमीटर भरला, बोटाला पीळ लागला आणि अंगठ्याला फुगवटा लागला नाही, तर किमतीत फार घासाघीस न करता घे. शेल 68 भरला आणि आटे इटालियन निघाले, तर आभार मानून परत ये. यातलं एखादं माप मधलंच काहीतरी निघालं, तर निर्णय घेऊ नकोस, शेलच्या आतला फोटो काढून मला पाठव.

तुझा,
काका