सोलापुरात राहून नैसर्गिक आपत्ती आणि पर्यावरणातल्या बदलांचा भूगोलाच्या अंगाने अभ्यास करता येईल का?

प्रश्नकर्त्याने खाली तपशिलात लिहिलंय, की ते इथे बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहेत, विषय भूगोल. पुढे आपत्तींवर काम करायचंय, पण "आपल्याकडे ना समुद्र, ना घाट, ना दरडी. कोरडा दुष्काळ सोडला तर अभ्यास करायला आहे काय? पुण्याला जाऊ का?"

दरडींवरच काम करायचं असेल तर खुशाल जा, माळीण त्याच जिल्ह्यात आहे. पण "आहे काय" हे वाचून जरा हसू आलं. २०२५ च्या सप्टेंबरात तुम्ही सोलापुरात नव्हता का? सीनेने माढा, मोहोळ, करमाळ्याची गावंच्या गावं पाण्यात घातली, लांबोटीजवळ पुण्याचा हायवे बंद पडला. ही तीच सीना, जिच्या पात्रात एरवी वेडी बाभूळ माजलेली असते आणि पाणी म्हणाल तर बंधाऱ्यामागे साचलेलं तेवढंच. ज्या गावात मे महिन्यात टँकर, त्याच गावात सप्टेंबरात होडी. यापेक्षा चांगला विषय तुम्हाला पुण्यात बसून सापडायचा नाही.

मी गेली पंधराएक वर्षं नकाशांवर पोट भरतो. कधी कंत्राटावर, कधी एखाद्या संस्थेसाठी. त्या अनुभवावरून सांगतो, पाठ्यपुस्तकाच्या क्रमाने नाही.

कॉलेजच्या प्रकल्पांत पहिलं पान ठरलेलं असतं: जिल्ह्याचा नकाशा, हद्दीबाहेर सगळं पांढरं. तो नकाशा काढूच नका. सीना उगम पावते अहिल्यानगरजवळ. तिला पाणी येतं ते अहिल्यानगर, बीड आणि धाराशिव जिल्ह्यांतून. परांडा-भूमकडे रात्रभर पाऊस झाला, खासापुरी, चांदणी, सीना-कोळेगाव ही धरणं भरून वाहू लागली, की खाली आमच्याकडे आभाळ निरभ्र असतानाही नदी चढते. आमच्या गावाकडे म्हणतात, पाऊस दुसऱ्याचा अन् पूर आपला. भीमेचंही तेच. उजनी भरते ती सह्याद्रीतल्या पावसाने, मावळात कोसळतो तेव्हा. जुलैत सोलापूरकर छत्री न उघडता पेपरात उजनीचे टक्के वाचत बसतो. त्यात पुन्हा नीरा नदी भीमेला मिळते ती उजनीच्या खाली, नरसिंहपूरला. म्हणजे पंढरपूरच्या पुराचा हिशोब एकट्या उजनीच्या दरवाजांवर मांडला तर चुकतो, नीरेवरच्या वीर धरणाचा विसर्गही धरावा लागतो.

म्हणून पहिला धडा हा. क्यूजीआयएस हे नकाशे करायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, ते उतरवून घ्या. २००० च्या फेब्रुवारीत अमेरिकी अंतराळयानाने रडारने जगाच्या उंचीची मापं घेतली होती, ती तीस मीटरच्या चौकटींत फुकट मिळतात. तुमच्या गावाजवळ नदीवर एक टिंब द्या आणि त्या टिंबाच्या वरचं पाणलोट क्षेत्र काढायला सांगा. जी रेघ उमटेल ती जिल्हा ओलांडून कुठच्या कुठे जाते ते बघत बसा. मला पहिल्यांदा ती रेघ दिसली तेव्हा मी अर्धा तास दुसरं काही केलं नव्हतं.

आता पावसाची आकडेवारी. हवामान खात्याच्या पुणे कार्यालयाकडे १९०१ पासूनचा रोजचा पाऊस पाव अंशाच्या चौकटींत मिळतो. पण एक चौकट म्हणजे साधारण सत्तावीस किलोमीटर. इतक्यात आमच्याकडचा सप्टेंबरचा पाऊस हरवून जातो. सोलापूरचा सगळ्यात ओला महिना सप्टेंबर, उत्तरा-हस्ताचा. हत्तीचा पाऊस बांधाच्या अलीकडे पडतो आणि पलीकडे पडत नाही. महसूल मंडळाचा पाऊस त्याहून बारीक, पण तिथेही अख्ख्या मंडळाला बहुधा एकच यंत्र. आणि अतिवृष्टी ठरते चोवीस तासांत ६५ मिलिमीटरवर. यंत्राने ६० दाखवले की पंचनाम्याच्या वेळी भांडण ठरलेलं. "यंत्रावर नसेल पडला, माझ्या रानात पडलाय!" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की त्यावर एक प्रबंध होईल. थट्टा नाही करत. एक तालुका घ्या, त्यातली सगळी यंत्रं नकाशावर मांडा, कुठलं गाव आपल्या यंत्रापासून किती लांब ते मोजा. एम.ए.च्या प्रकल्पाला पुरेल आणि शेतकऱ्याच्या कामी येईल.

आता माझी फजिती सांगतो, कारण उपग्रह हा शब्द ऐकला की पोरांना वाटतं सगळं वरून दिसतं.

२०२० चा ऑक्टोबर. बंगालच्या उपसागरातला कमी दाबाचा पट्टा आंध्रच्या किनाऱ्यावरून आत शिरला आणि १४ तारखेला सोलापूर जिल्ह्याला झोडपून गेला. पंढरपुरात कुंभार घाटाची भिंत कोसळून माणसं गेली. मी त्या आठवड्यात पुराचा नकाशा करायला घेतला. ढग असताना साधी छायाचित्रं कामाची नसतात, म्हणून युरोपच्या सेंटिनेल-१ उपग्रहाचं रडार. त्याच्या लहरी ढगांतून आरपार जातात. शांत पाणी आरशासारखं, लहर पलीकडे उडवून लावतं, परत काही येत नाही, म्हणून पाणी काळं दिसतं. काळं तेवढं निळं रंगवायचं, झाला पुराचा नकाशा. मी रात्रीतून केला आणि ज्यांना हवा होता त्यांना पाठवूनही दिला.

दुसऱ्या दिवशी तिकडून फोन. "होटगी रस्त्याचं विमानतळ बुडालं का हो?" बुडालं नव्हतं. धावपट्टी गुळगुळीत, तीही रडारला काळी. मी ओशाळलो, ती पट्टी पुसली, नकाशा परत पाठवला. वाटलं, मिटलं.

मिटलं नव्हतं. पुढच्या रविवारी गाडी काढून सीनाकाठच्या एका गावात गेलो. छापलेला नकाशा सोबत. पाराजवळ एक आजोबा बसले होते, त्यांना म्हटलं, अण्णा, पाणी कुठपर्यंत आलं होतं? ते उठले आणि काही न बोलता उसाच्या फडाकडे चालू लागले. बांधावर थांबून काठीने पानं बाजूला केली. छातीच्या उंचीपर्यंत प्रत्येक पानाला चिखल वाळून बसलेला, वरची पानं हिरवीगार. चिखलाची कड अशी सरळ, की दोरी धरून आखल्यासारखी. मग माझ्या हातातल्या कागदावर बोट ठेवून म्हणाले, "आन् हितं तर कोरडं दावलंय की ओ."

उभ्या उसात रडारची लहर पानांत आणि कांड्यांत आपटत राहते आणि बरीचशी परत फिरते. खाली छातीभर पाणी असलं तरी वरून ऊस उजळच दिसतो. म्हणजे माझ्या नकाशाने डांबर बुडवलं होतं आणि ज्याचं खरं नुकसान झालं तो ऊस कोरडा ठेवला होता. ज्या जिल्ह्यात कारखान्यांची धुराडी मोजता मोजता माणूस थकतो, तिथे उसातला पूर न दिसणारा नकाशा काय चुलीत घालायचा?

तेव्हापासून मी टेप घेऊन फिरतो. त्याच गावात मारुतीच्या देवळाच्या भिंतीवर गाळाची रेघ होती. ओट्यापासून मोजली, चार फूट दोन इंच. जीपीएसवर जागा नोंदवली, फोटो काढला. असे वीस-पंचवीस ठिकाणी केलं की पाण्याची पातळी गावभर कशी होती ते कळतं. मग संगणकात त्या रडारच्या उंचीच्या मापांवर ती पातळी ओतून बघायची. एका ठिकाणी रेघ शेजारच्यापेक्षा फूटभर वर होती, कारण काही लागेना. जाऊन पाहिलं तर नवीन रस्त्याचा भराव, मोऱ्या दोनच. पाणी तुंबून मागे फुगलं होतं. २००० च्या उंचीच्या मापांत तो भराव असणारच कसा, तेव्हा रस्ताच नव्हता.

पाच वर्षांनी, २०२५ च्या पुरानंतर, मी पुन्हा त्या देवळात गेलो. यावेळी रेघ माझ्या डोक्याच्या वर. टेप धरायला पोरगं खांद्यावर घ्यावं लागलं. शेजारच्या आजी म्हणाल्या, "सासऱ्याच्या येळपास्नं हितं हाय, एवढं पाणी बघितलं नव्हतं." शासनाच्या नकाशात निळी आणि लाल अशा दोन पूररेषा असतात. निळी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदाच्या. आजींची साक्ष आणि भिंतीवरची ओल, यांच्याशी त्या रेषा ताडून बघणं म्हणजेच तुम्हाला हवा तो अभ्यास. पाऊस बदललाय की पात्र आक्रसलंय, का दोन्ही, हा वाद तिथूनच सुरू होतो. माझं मत पात्राकडे झुकतं, पण मी नदीकाठचा, माझ्यावर फार विसंबू नका.

दुष्काळाचंही तसंच, फक्त फसवणूक उलटी. दुष्काळ ठरवताना हल्ली पिकांच्या हिरवेपणाचा निर्देशांक उपग्रहावरून बघतात. २०१८ मध्ये राज्याने 'महामदत' नावाची प्रणाली त्यासाठी वापरली. कल्पना चांगली. पण वेडी बाभूळ दुष्काळातही हिरवी असते, आणि बोअरवरचा ऊसही. ज्वारी जळून गेलेलं, टँकर लागलेलं गाव वरून बघाल तर हिरवे ठिपके दिसतात. सरासरी काढली की दुष्काळ अर्धा गायब. म्हणून आधी ऊस, बाग, बाभूळ वेगळी काढायची आणि फक्त कोरडवाहू रानाचा हिरवेपणा वर्षानुवर्ष बघायचा. अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहांची चित्रं १९७२ पासूनची आहेत. योगायोग बघा, त्याच वर्षीचा दुष्काळ आपल्याकडे अजून 'बहात्तरचा' म्हणून ओळखतात.

सांगोल्याला तर क्यूजीआयएसचीही गरज नाही. गूगल अर्थ उघडा, जुनी चित्रं मागेपुढे सरकवा आणि डाळिंबाच्या बागांमधले निळे चौकोन मोजा. शेततळी. मुळात पावसाचं वाहतं पाणी साठवायला सांगितलेली; प्लास्टिक अंथरून बरीचशी भरली जातात बोअरच्या पाण्याने. जमिनीतलं पाणी उपसून उन्हात वाळवायला ठेवायचं! आपल्या काळ्या पाषाणात मुळातच पाणी धरायला जागा कमी. चौकोनांची संख्या आणि विहिरींची पातळी एकमेकांशेजारी मांडा, सांगोल्याची कथा आपोआप उलगडते.

उन्हाळ्याबद्दल थोडक्यात. उपग्रहावरून शहराच्या तापमानाचा नकाशा करायला जाल तर मे महिन्यात भर सकाळी शहर आजूबाजूपेक्षा थंड दिसेल. चूक झाली म्हणून घाबरू नका. नांगरलेली उघडी काळी रानं शहरापेक्षा जास्त तापतात, आणि लँडसॅट सकाळी साडेदहाच्या सुमाराला जातो. शहराचा उकाडा रात्री मोजायचा असतो. पूर्व भागातल्या पत्र्याच्या घरात मे महिन्यात एक रात्र झोपलात तर थर्मामीटरही लागणार नाही.

हं, उजनीच्या टक्क्यांचं राहिलं. 'उजनी मायनसमध्ये' म्हटलं की लोकांना धरण आटलं वाटतं. एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी, त्यातला जवळपास ६४ मृतसाठा, म्हणजे दरवाजाच्या खालचा. शून्य टक्के असतानाही निम्म्याहून जास्त पाणी आत असतं. आणि ते कोण, कुठल्या पंपाने उचलतं हा नकाशा कुणी नीट काढलेला मी तरी पाहिला नाही. घ्या करायला.

पुण्याचं काय? पदव्युत्तरला जायचं तर जा, पण अभ्यासाचं क्षेत्र इथलंच ठेवा. आपल्या विद्यापीठातही भूविज्ञानाचा विभाग आहे. डेहराडूनच्या भारतीय सुदूर संवेदन संस्थेचे ऑनलाइन अभ्यासक्रम फुकट असतात, घरबसल्या करा. कोरडवाहू शेतीचं संशोधन केंद्र सोलापुरात १९३३ पासून आहे, तिथल्या जुन्या नोंदी मागायला लाजू नका. आणि कामापुरती कन्नड शिका. अक्कलकोट, दक्षिण सोलापूरला 'नीर एल्लि तनक बंतु', म्हणजे पाणी कुठपर्यंत आलं, एवढं विचारता आलं तरी माणसं घरात बोलावतात. तिकडे गेलात की हत्तरसंग-कुडलचा संगमही बघून या. सीना तिथे भीमेला मिळते आणि शके ९४० चा मराठी शिलालेख तिथल्या देवळात आहे.

या रविवारीच सुरुवात करायची असेल तर टेप, वही आणि पाण्याची बाटली घेऊन सीनाकाठी जा. घरांच्या भिंतींवरच्या २०२५ च्या रेघा रंगात पुसल्या गेल्या असतील. गोठ्याच्या मागच्या भिंतीला कुणी रंग देत नाही, तिथे बघा.