वाचकांचे प्रश्न : दोर, कातळ आणि नोकरीआधीचे चार महिने

प्रश्न : आम्ही ठाण्याचे सहा मित्रमैत्रिणी, वय 22-23. मार्चपासून सगळ्यांच्या नोकऱ्या सुरू होतील. तोवर नोव्हेंबर ते फेब्रुवारी भटकायचं आणि शेवटी अलंग-मदन-कुलंग हे तीन गड करायचे, असा बेत आहे. कळसूबाई, हरिश्चंद्रगड झालेत, पण दोर कुणीच हाताळलेला नाही. सुरुवात कुठून करावी?

उत्तर : उतरण्यापासून. मदनच्या तुटलेल्या पायऱ्या आणि कातळटप्पा यांची धास्ती सगळ्यांनाच असते. पण चढताना पहिला गडी सोडला तर बाकीच्यांना वरून बिले असतो, म्हणजे वरचा माणूस त्यांचा दोर धरून असतो. हात सुटला तर थोडं लोंबकळाल, इतकंच. रॅपलिंगला, म्हणजे दोरावरून उतरताना, मात्र सगळं वजन अँकर (दोर बांधायचा आधार), दोर, कॅराबिनर (उघडझाप होणारी कडी), डिसेंडर (उतरण्याचा वेग आवरणारं साधन) आणि हार्नेस (कमर-मांड्यांचे पट्टे) या एकाच साखळीवर येतं, तेही दमल्यावर, ऊन कलल्यावर.

नोव्हेंबरचे दोन-तीन रविवार मुंब्र्याच्या कातळांवर घालवा. जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली गाठी, बिले आणि पाय वापरून चढणं शिका. नवखे हातांनी ओढत चढतात आणि दहा मिनिटांत बाहू भरून येतात. डिसेंबरात आधी दोन-तीन मजल्यांएवढ्या उंचीवरून रॅपलिंग करा. लोणावळ्याजवळचा नागफणीचा कडा पहिल्याच खेपेला नको; तिथे कड्यावरून पाय बाहेर टाकताना भलेभले गोठतात.

उतरण्याआधी रोज त्याच क्रमाने तपासा. हार्नेसचा पट्टा बकलमधून उलटा फिरवून घेतलाय का, कॅराबिनरचा स्क्रू बंद आहे का, दोर डिसेंडरमधून नीट ओवलाय का. केस, ओढणी, टी-शर्टचं टोक आत खोचा. डिसेंडरमध्ये केस अडकले तर माणूस मधेच टांगून राहतो. दोराच्या दोन्ही टोकांना गाठ मारा. दुहेरी दोराचं एक टोक आखूड राहिलं आणि गाठ नसेल, तर ते डिसेंडरमधून सुटतं आणि माणूस थेट खाली जातो. सहा मिलिमीटरच्या दोरीची प्रुसिक गाठ डिसेंडरखाली मुख्य दोरावर घालून हार्नेसच्या पायाच्या पट्ट्याला जोडा, म्हणजे हात सुटला तरी ती धरून ठेवेल. ती लांब ठेवू नका. डिसेंडरला टेकली की पकडतच नाही. शिवाय खाली एकाने दोर हातात धरून उभं राहायचं. वरचा वेगात येऊ लागला की त्याने दोर ताणला, की उतरणारा थांबतो. दगड पडण्याच्या रेषेत मात्र उभं राहू नये. हेल्मेट खालच्यालाही हवंच.

आता वेळेचा हिशेब, कारण बहुतेक बेत इथेच फसतात. एका माणसाला टप्पा चढायला पंधरा मिनिटं धरली तर सहा जणांना दीड तास, आणि उतरायला तेवढाच. जानेवारीत साडेसहाच्या आत अंधारून येतं. म्हणून दुपारी तीनला शेवटचा माणूस दोरावर हवा; नसेल तर माथा सोडून परत फिरायचं, हे पायथ्याच्या आंबेवाडीतच ठरवून निघा.

आणि एक. मदनवर लीड करायला, म्हणजे सगळ्यांत आधी चढायला, तुमच्यापैकी कुणी नको. उत्तरकाशी किंवा दार्जिलिंगच्या संस्थेतून गिर्यारोहणाचा कोर्स केलेला कुणी मिळाला तर उत्तमच, पण ‘ही वाट किती वेळा केलीस?’ हेही विचारा. बर्फातलं प्रमाणपत्र आणि सह्याद्रीचा ठिसूळ कातळ यांची फारशी ओळख नसते. खोबणीत बोटं घालण्याआधी दगडावर थाप मारा. पोकळ वाजला तर सोडा. धरायचाच असेल तर खाली दाबा, बाहेर ओढू नका. जुन्या गंजक्या खिळ्यांवर भार टाकू नका.

प्रश्न : वर्गणी काढून दोर घेतोय. कोणता घ्यावा? एकाकडे पाच वर्षं वापरलेला जुना दोर स्वस्तात मिळतोय.

उत्तर : जुना घेऊ नका. त्यावर किती वेळा कुणी पडलं, गाडीच्या डिकीत बॅटरीच्या ॲसिडशेजारी पडून होता का, हे दिसत नाही. चढाईला, म्हणजे लीडला, ताणणारा डायनॅमिक दोर लागतो. 10 मिलिमीटर जाडी, 60 मीटर लांबी, वजन चार किलोच्या आसपास. रॅपलिंगला न ताणणारा स्टॅटिक, 10.5 मिलिमीटरचा. स्टॅटिकवर लीड करू नका. पडणाऱ्याचा झटका दोर सोसत नाही, तो माणसाच्या कमरेला आणि अँकरला बसतो. तुम्हाला यंदा स्टॅटिक पुरे, डायनॅमिक तुमचा वाटाड्या आणेल.

प्रत्येक चढाईनंतर दोर हातातून सरकवत बघा. वाकवल्यावर एखादी जागा चपटी पडली तर आतला गाभा गेलेला असतो. धुवायचा तर कोमट पाण्यात, वाळवायचा सावलीत. दोरावर पाय देऊ नका. अंधश्रद्धा नाही ही, बुटाखालची खडी आवरणात रुतून गाभ्यातले धागे कापते.

प्रश्न : आग्या मोहोळाचं काय करायचं?

उत्तर : अत्तर, डिओ, धूर, आरडाओरडा यातलं काहीही नको. कड्यावर मोहोळ दिसलं तर त्याखालून वाट असली तरी बदला. माश्या उठल्याच तर दोरावरच्या माणसाला आधी खाली घ्या, मग डोकं-तोंड झाकून सगळे लांब पळा.