गावी निघायच्या आधी पगाराचा चेक वटवायचाय?

अरे, आधी चेकचा डावा वरचा कोपरा बघ. तिथे दोन तिरप्या रेघा असतील तर काउंटरवर रोकड मिळणार नाही, खात्यातच भरावा लागेल. रेघा नसतील, नावापुढे छापलेलं 'किंवा धारकास' खोडलेलं नसेल, तर कंपनीचं खातं ज्या शाखेत आहे तिथेच जा. ओळखपत्र ने, मागे सही कर, पैसे हातात.

रेघांचा असेल तर सकाळीच भर, आणि काउंटरवर. मी एकदा गणपतीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी ड्रॉपबॉक्समध्ये टाकला आणि उसने पैसे घेऊन एसटीत बसलो! ४ ऑक्टोबर २०२५ पासून चेक दिवसभर क्लिअरिंगला, म्हणजे कंपनीच्या बँकेकडून पैसे वळते करून घ्यायला, जातात, त्यामुळे सकाळचा चेक बहुधा त्याच दिवशी वटतो. सुट्टी मात्र आधी बघून घे.

खरं तर अकाउंट्सवाल्यांना चेकऐवजी एनईएफटी, म्हणजे थेट खात्यात ऑनलाइन पैसे, करायला सांग, ते रविवारीही होतं. नाहीतर चार दिवस आधी उचल माग, त्यात लाजायचं काय? क्रेडिट कार्डावर एटीएममधून पैसे मात्र काढू नकोस, पहिल्या दिवसापासून व्याज लागतं, वर शुल्क वेगळंच.

आणि थोडी रोकड इथूनच काढून ने. सणात गावातलं एटीएम रिकामंच असतं.