ब्रॉयलरच्या खाद्यात तळणीचे तेल चालेल का?

प्रश्न : राऊजवळ आमचा ब्रॉयलरचा लहानसा व्यवसाय आहे. शेव-नमकीन करणाऱ्यांकडून तळणीतले उरलेले तेल स्वस्तात मिळते. तयार फिनिशर (विक्रीआधीच्या शेवटच्या टप्प्यातील) खाद्यावर ते ओतले तर वजन लवकर वाढते, असे काही जण सांगतात. तसे करावे का? कोंबडीच्या पोटात चरबी फार निघते, अशी गिऱ्हाइकांची तक्रार आधीच आहे. तेलाने ती आणखी वाढेल का?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : तळणीचे तेल अजिबात देऊ नये. पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलात खवटपणा आणणारी पेरॉक्साइडे तयार होतात आणि तेलाचे काही रेणू एकमेकांना चिकटून असे जड होतात की पक्ष्याला ते पचत नाहीत. म्हणजे ज्या ऊर्जेसाठी आपण तेल घेतो, तीच कमी मिळते. त्याहून मोठे नुकसान असे की हे खवट तेल खाद्यातील ई आणि अ ही जीवनसत्त्वे नष्ट करते. ई जीवनसत्त्व कमी पडलेल्या पिलांच्या लहान मेंदूला इजा होते. ती अडखळतात, मान मागे टाकून कोलमडतात, आणि ही लक्षणे दिसेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. ज्या तेलातील ध्रुवीय संयुगांचे (तेल तापवल्याने बिघडून तयार होणाऱ्या पदार्थांचे) प्रमाण २५ टक्क्यांवर गेले आहे, ते माणसांच्या अन्नासाठी वापरण्यास भारतीय अन्न सुरक्षा आणि मानक प्राधिकरणाने मनाई केली आहे. अशा तेलाची योग्य जागा बायोडिझेलचा कारखाना ही आहे. कोंबडीमार्फत ते पुन्हा माणसाच्या ताटात येऊ नये, असे मला कळकळीने वाटते.

मात्र यावरून तेलच वाईट, असा अर्थ काढू नये. एक किलो मक्यातून पक्ष्याला सुमारे ३,३०० किलोकॅलरी मिळतात, तर एक किलो चांगल्या सोयातेलातून ८,८०० च्या आसपास. शिवाय लिनोलेइक हे मेदाम्ल कोंबडीच्या शरीरात तयार होत नाही. ते खाद्यातूनच, साधारण एक टक्का, मिळावे लागते. तेलामुळे खाद्याची धूळ कमी होते आणि अन्न आतड्यातून थोडे सावकाश पुढे सरकत असल्याने इतर घटकही बरे पचतात.

पिलाचे वय मात्र लक्षात घ्यावे लागते. पहिल्या आठ-दहा दिवसांत पिलाचे पित्त आणि मेद पचवणारे पाचकरस पुरेसे स्रवत नाहीत. सोयातेलासारखी असंपृक्त तेले त्याला त्यातल्या त्यात पचतात. जनावरांची चरबी किंवा पामतेलाचा घट्ट भाग मात्र पचत नाही. अशा घट्ट चरबीतील न पचलेली संपृक्त मेदाम्ले कॅल्शियमशी संयोग पावून साबणासारखी होतात आणि विष्ठेवाटे निघून जातात, त्यामुळे ऊर्जा आणि कॅल्शियम दोन्ही वाया जातात. म्हणून घट्ट चरबी वापरायचीच असेल, तर ती वाढलेल्या पक्ष्यांच्या खाद्यात, तीही सोयातेलात मिसळून वापरावी. माळव्यात, सोयाबीनच्या या पट्ट्यात, ताजे सोयातेल मिळवणे अवघड नाही.

आता पोटातील चरबीविषयी. आपल्या प्रश्नातील खरी अडचण ‘तयार खाद्यावर ओतणे’ ही आहे. भारतीय मानकानुसार फिनिशर खाद्यात किलोमागे ३,२०० किलोकॅलरी ऊर्जा आणि २० टक्के प्रथिने धरतात. अशा १०० किलो खाद्यावर तीन किलो चांगले तेल ओतले, तर ऊर्जा ३,३६० च्या आसपास जाते आणि प्रथिने १९.४ टक्क्यांवर येतात. ऊर्जेची गरज लवकर भागल्याने पक्षी खाद्य कमी खातो, प्रथिने आणखी कमी पडतात आणि मांसात न लागलेली ऊर्जा पोटात चरबी होऊन साठते. तेव्हा तेल वाढवले की मका कमी करून सोयापेंड आणि अमिनो आम्ले (प्रथिनांचे घटक) त्याच हिशेबाने वाढवली पाहिजेत; हे गणित पशुपोषणतज्ज्ञाकडून करून घ्यावे. ऊर्जा तेवढीच ठेवून जनावरांच्या चरबीऐवजी सोयातेल दिले असता पोटातील चरबी कमी साठते, असे प्रयोगांत आढळले आहे. मात्र अंगावरची चरबी थोडी मऊ होते.

तेलाचा खरा उपयोग एप्रिल-मे महिन्यांत दिसतो. पिष्टमय पदार्थ आणि प्रथिने पचवताना शरीरात जेवढी उष्णता निर्माण होते, त्याहून मेद पचवताना ती कमी होते. त्यामुळे उन्हाने खाणे मंदावलेल्या पक्ष्याला थोड्या घासांत पुरेशी ऊर्जा देता येते. खाद्य पहाटे आणि रात्री, गारव्यात द्यावे. तेल झाकणबंद पिंपात, सावलीत ठेवावे आणि तेल मिसळलेले खाद्य आठवडाभरात संपवावे.

प्रश्न : घरचेच सोयाबीन भरडून दिले, तर तेल वेगळे घालण्याची गरज उरेल का?
— एक वाचक, महू

उत्तर : सोयाबीनमध्ये सुमारे १८ ते २० टक्के तेल असते, त्यामुळे कल्पना योग्य आहे, पण कच्चे सोयाबीन देऊ नये. त्यातील ट्रिप्सिनरोधक घटक प्रथिनांचे पचन अडवतात, स्वादुपिंड सुजून मोठे होते आणि वाढ खुंटते. उष्णतेने हे घटक निकामी होतात. मात्र कढईत भाजताना काही दाणे कच्चे राहतात, काही करपतात, आणि करपलेल्या दाण्यांतील लायसीन हे अमिनो आम्ल पक्ष्याला मिळत नाही. म्हणून यंत्रावर एकसारखे भाजलेले सोयाबीन घ्यावे आणि प्रत्येक खेपेचा नमुना, दाणे कच्चे राहिले का हे दाखवणाऱ्या युरिएज चाचणीसाठी प्रयोगशाळेत पाठवावा.