२०२१ चा एलजी सी१ ओएलईडी टीव्ही आहे, २०२५ चा सी५ घ्यावा का?

पडदा धडधाकट असेल तर घाई नको. सी१ मध्येही ४के, १२० हर्ट्झ (सेकंदाला १२० चित्रं) आणि गेमिंगची यंत्रं जोडायचे चारही एचडीएमआय २.१ पोर्ट आहेतच. पीएस५ (प्लेस्टेशन ५) या गेमिंग कन्सोलला त्यापुढे काही लागत नाही. सी५ चे १४४ हर्ट्झ कामाला येतात ते पीसीवर खेळणाऱ्याला. खरा फरक पडद्याच्या उजेडाचा, सी५ चा जास्त. दिवसा खिडक्या उघड्या ठेवून मॅच बघत असाल तर तो जाणवेल, रात्री दिवे मालवून सिनेमा बघणाऱ्याला फारसा नाही. पडदा धडधाकट आहे का हे कळायला त्यावर आधी पूर्ण लाल, मग करडं चित्र लावून बघा. बातम्यांच्या चॅनेलचा लोगो पुसट उमटलेला दिसला, तर मात्र बदला. (सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या टीव्हींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय, तेवढाच दिलासा.)